पेडणे-डिचोलीकडील चिऱ्याचे घर

गोव्यातील घर म्हटले की परप्रांतीय माणसाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. रस्त्याकडे तोंड करून असलेली रंगीत दर्शनी भिंत, पायऱ्या चढून जावयाचा बाल्कांव, त्याच्या दोन्ही अंगांस बसावयाचे बाक आणि शिंपल्यांच्या पातळ तावदानांच्या खिडक्या. हे चित्र खोटे नाही. परंतु ते तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या तीन महालांचे, म्हणजे सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेल्या मुलखाचे चित्र आहे. कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडून पेडण्यात शिरावे, किंवा म्हापशाहून पूर्वेची वाट धरून डिचोलीस जावे; घरांचा तोंडवळा हळूहळू पालटू लागतो. रस्त्याकडे पाहणारे घर मागे पडते आणि अंगणातील तुळशीकडे पाहणारे घर पुढे येते.

याचे कारण इतिहासात आहे. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांच्या राज्यात आले, ते १७८१ ते १७८८ या काळात. तोवर सत्ताधाऱ्यांचा धर्मप्रसाराचा जुना आवेश पुष्कळ ओसरला होता आणि नव्या काबिजादींतील प्रजेच्या देवळांना व चालीरीतींना हात लावू नये, असे धोरण ठरले होते. त्यामुळे या भागातील घर आपल्या जुन्या वळणावर राहिले. त्याचे सोयरपण बार्देशातील घरापेक्षा सावंतवाडी, वेंगुर्ले, बांदे या बाजूच्या घरांशी अधिक. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ती म्हणजे दगड. बार्देशातील ख्रिस्ती भाटकाराच्या घराची भिंत आणि कोरगाव-धारगळच्या हिंदू शेतकऱ्याच्या घराची भिंत गिलावा काढून पाहिली तर आत एकच तांबडा चिरा निघतो. हरमलच्या ख्रिस्ती वाड्यांतील घरांत देवघराच्या जागी अल्तार असतो. पण जोते, भिंत आणि छप्पर यांचे शास्त्र शेजाऱ्याहून निराळे नाही.

पेडण्याचा विषय निघाला की देशप्रभूंच्या अनेक चौकी वाड्याचे वर्णन होते, आणि ते योग्यच आहे. परंतु आजचा विषय वाडे नव्हेत. वाड्याला नाव असते, त्याच्याकडे पाहुणे येतात, त्याची छायाचित्रे निघतात. ज्या घराला नाव नाही, केवळ कुळाचे आडनाव किंवा वाड्याचे नाव आहे, अशा तीनचार खणी साध्या घराविषयी, श्रोतेहो, येथे बोलावयाचे आहे. अशी घरे अजूनही पुष्कळ आहेत. आणि त्यांपैकी कित्येकांच्या दाराला कुलूप आहे.

प्रथम त्या दगडाविषयी. मराठीत त्याला जांभा म्हणतात. खाणीतून कापून काढलेला त्याचा ठोकळा म्हणजे चिरा. उष्ण आणि अतिवृष्टीच्या प्रदेशात मूळच्या खडकातील वाळूचा अंश हजारो वर्षे पावसाने धुपून जातो, आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. लोखंडाला गंज चढतो तोच रंग या दगडाला आहे. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात फ्रान्सिस ब्युकॅनन याने मलबारातील अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आले. नाव मोठे समर्पक आहे; कारण हा दगड विटेसारखाच वागतो. वीट भट्टीत भाजावी लागते, चिरा मात्र हवेत भाजतो. जमिनीतून नुकताच काढलेला जांभा इतका मऊ असतो की तो लोखंडी हत्याराने तासता येतो. मग ऊनवारा लागला की तो हळूहळू कठीण होत जातो. म्हणून पूर्वी चिरे कापून काही काळ उघड्यावर रचून ठेवीत आणि नंतरच भिंतीला लावीत.

या दगडाशी माणसाची ओळख डिचोली महालात किती जुनी आहे, हे हरवळ्यास गेले म्हणजे कळते. तेथील लेणी सहाव्या-सातव्या शतकातील मानली जातात आणि ती जांभ्यातच खोदलेली आहेत. अजिंठा-वेरूळची सफाई त्यांत नाही. जांभ्याच्या छिद्राळ अंगावर नाजूक कोरीव काम टिकत नाही. पण सरळ खांब, सरळ भिंत आणि सपाट छत एवढेच मागितले तर हा दगड ते शतकानुशतके देतो. त्याच महालात नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. मूळ देवस्थान पोर्तुगिजांनी उद्ध्वस्त केल्यावर देव नदीपलीकडे येथे आणण्यात आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. अलीकडे, २०२३ साली, या देवळाच्या पुन्हा केलेल्या दुरुस्तीचे काम पूर्ण होऊन ते भाविकांस खुले झाले. देवळाच्या दुरुस्तीमागे राजा उभा राहिला, पुढे सरकार उभे राहिले. घराच्या दुरुस्तीमागे केवळ घरधनी असतो.

खाणीतील सर्व चिरे एका गुणाचे नसतात. वरचा थर कठीण, लोहाने भरलेला. खाली जावे तसा दगड मऊ आणि मातकट होत जातो. जाणता गवंडी घट्ट, जड चिरा जोत्यासाठी व कोपऱ्यांसाठी बाजूस काढून ठेवतो आणि हलका चिरा आतल्या भिंतींत घालतो. जोडकामाला चुना असेल तर तो शिंपल्या भाजून केलेला. चुना परवडत नसेल तर चिखल, आणि चुना फक्त बाहेरच्या सांध्यांना. भिंत दीडदोन फूट जाड. दिवसभराचे ऊन आत पोहोचावयास तिला संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेर वारा सुटलेला असतो. चैत्र-वैशाखात अशा घराच्या माजघरात दुपारी पाठ टेकली की पंख्याची आठवण होत नाही.

आता घरात शिरू. पुढे खळे, म्हणजे अंगण. शेणाने सारवलेले, मध्यभागी तुळशीवृंदावन. उन्हाळ्यात त्यावर झावळ्यांचा माटव पडतो. खळ्यातून तीनचार पायऱ्या चढून जोत्यावर यावे. जोते कमरेएवढे उंच असण्याचे कारण ऐट नव्हे, पावसाचे पाणी आहे. मग पुढची पडवी किंवा वळई. येथे बसावयास चिऱ्याचा सोपा बांधलेला असतो. आल्यागेल्याने येथेच टेकावे, पाणी-गूळ घ्यावा, भाताची बोली येथेच व्हावी. त्याच्या आत माजघर, त्याला लागून देवघर आणि काळोखी बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्या बाहेर न्हाणी, विहीर आणि परसू. गोठा व मांगर वेगळे. घर थोडे मोठे असेल तर मध्ये चौक किंवा राजांगण येते, आणि मग सर्व खोल्यांना उजेड त्या चौकातून मिळतो. बाहेरच्या भिंतीच्या खिडक्या लहान, गजाच्या. बार्देशातील घर खिडकीतून जगाकडे पाहते. हे घर छपराच्या भोकातून आभाळाकडे पाहते, असे थोडे थट्टेने म्हणावयास हरकत नाही.

माजघराच्या किंवा देवघराच्या तुळईकडे मान वर करून पाहिले तर कड्या किंवा दोरीचे जुने व्रण दिसतात. ते माटोळीचे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातील व बागेतील फळे, फुले, कंद, वेली बांधण्याची गोव्यातील चाल सर्वांस ठाऊक आहे. नारळाच्या पेंडीपासून भोपळ्यापर्यंतचे ओझे त्या तुळईने दरवर्षी पेललेले असते. सुतार तुळई निवडताना छपराचाच नव्हे तर या वार्षिक ओझ्याचाही विचार मनात धरत असला पाहिजे.

छप्पर हा या घराचा खरा जीव. फणस, माड, किंदळ, सामर्थ्य असेल तर साग, अशा लाकडांचे आढे, तुळया, वासे आणि रिपा. त्यांवर पूर्वी नळ्यांची कौले असत. कुंभार चाकावर निमुळते नळकांडे करी, ते उभे चिरून त्याची दोन कौले होत, आणि एक उताणे व एक पालथे अशी ती नुसती रचलेली असत. डिचोलीच्या कुंभारांचे नाव गोव्यात आजही मातीच्या कामासाठी घेतले जाते. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली यंत्रावरील कौलांचा कारखाना काढला. तेथून चपटी, खाच असलेली, एकमेकांत अडकणारी कौले समुद्रमार्गाने सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि ‘मंगळुरी कौल’ हे नाव रूढ झाले. परंतु नळ्याचे असो की मंगळुरी असो, हे छप्पर एकदा घातले की विसरून जावे अशा जातीचे नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पहिल्या वाऱ्याने कौल सरकते. वानरांनी उडी मारली की कौल फुटते. पागोळीच्या कडेला पाने कुजतात, शेवाळ धरते, त्यामुळे पाणी मागे चढून रिपेत मुरते. आणि ओली रीप म्हणजे वाळवीला आमंत्रण.

म्हणून शाकारणी. चैत्र सरला की शाकारणी करावयाची, वैशाखाबाहेर ती जाऊ द्यावयाची नाही, हा नियम. कौले उतरवावयाची, झाडावयाची, फुटकी वगळावयाची, कुजलेली रीप बदलावयाची, पन्हळी मोकळ्या करावयाच्या, आढ्यावरील कौलांचे सांधे चुन्याने भरावयाचे. नैऋत्येकडून झड येते त्या भिंतीला विणलेल्या झावळ्यांचा आडोसा बांधावयाचा. त्याच सुमारास भिंतीला चुन्याची सफेदी. हे सर्व आठदहा दिवसांचे काम. पण या आठदहा दिवसांवर पुढचे वर्ष अवलंबून. चिऱ्याची भिंत दोनशे वर्षे टिकते, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. ती दोनशे वर्षे टिकत नाही. ती दोनशे वेळा टिकवली जाते. ज्या वर्षी शाकारणी चुकते, त्या वर्षापासून घर उलट्या दिशेने चालू लागते. आधी एक कौल, मग रीप, मग वासा. वासा खचला की भिंतीच्या माथ्यावर उघड्यातून पाणी पडते. आत चिखलाचे जोडकाम असेल तर ते विरघळून वाहते, आणि जी भिंत बाहेरच्या पावसाला शतकभर डरली नव्हती ती माथ्यावरच्या पाण्याने दोनचार पावसाळ्यांत बसते.

गरिबाच्या घराविषयी येथे वेगळे सांगितले पाहिजे. सर्वांचीच घरे चिऱ्याची नव्हती. दुसऱ्याच्या भाटात राहणाऱ्या मुंडकाराचे घर बहुधा मातीच्या भिंतींचे, वर माडाच्या झावळ्यांचे. चिऱ्याला पैसा लागे हे एक; पण दुसऱ्याच्या जमिनीवर पक्के घर बांधावयाचे तर भाटकाराची संमती लागे, हे त्याहून मोठे कारण. आपण उद्या येथे राहू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो शंभर वर्षांची भिंत कशाला बांधील? १९७५ साली मुंडकार कायदा आला. त्याने या कुटुंबांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण दिले आणि राहते घर विकत घेण्याचा मार्गही दाखविला. त्यानंतर पुष्कळांनी मातीच्या जागी चिऱ्याच्या भिंती घातल्या. तेव्हा गावात दिसणारे प्रत्येक चिऱ्याचे घर प्राचीन आहे असे समजू नये. काही घरे केवळ पन्नास वर्षांची आहेत, आणि ज्या कुटुंबाने ती बांधली त्याच्या दृष्टीने ती कोणत्याही वाड्याइतकीच ऐतिहासिक आहेत.

मातीच्या घराचे आणि चिऱ्याच्या घराचे एक तत्त्व मात्र समान होते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात माती आणि गवत तुडवून केलेल्या भिंतींची शेकडो वर्षांची घरे आहेत, आणि तेथील खेडुतांत अशी म्हण आहे की भिंतीला चांगली टोपी आणि चांगले जोडे मिळाले की ती कधी मरत नाही. टोपी म्हणजे पुढे आलेले छप्पर, जोडे म्हणजे दगडी जोते. पेडण्याच्या गवंड्याने ही म्हण ऐकली असती तर त्याला ती आपल्याच गावची वाटली असती.

इंग्लंडचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी थोडे सांगण्यासारखे आहे. ग्लॉस्टरशायरमधील बायबरी या खेड्यात ‘आर्लिंग्टन रो’ नावाची लहान दगडी घरांची एक ओळ आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३८० च्या सुमारास, मठाची लोकर साठविण्यासाठी ती इमारत बांधली गेली. सतराव्या शतकात तिचे विणकरांसाठी घरांत रूपांतर झाले. स्थानिक चुनखडीचा दगड, आणि छप्परही दगडी पातळ फरश्यांचे. कडेला मोठ्या फरश्या, आढ्याकडे जाताना त्या लहान लहान होत गेलेल्या. राजवाडा नव्हे, देऊळ नव्हे, विणकरांची घरे. तरी ती आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात जपलेली आहेत. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नगररचना कायद्यांनी जुन्या इमारतींची यादी करण्याची पद्धत सुरू झाली. त्या यादीत किल्ले आणि चर्चे आहेत तशीच सामान्य माणसांची हजारो लहान घरे आहेत. गोव्यात संरक्षित वास्तूंची यादी आहे, परंतु ती प्रामुख्याने देवळे, चर्चे, किल्ले आणि लेणी यांची.

त्याच देशात १८७७ साली विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक मंडळ काढले. त्या मंडळाला लोक गमतीने ‘खरवडण्याविरुद्धचे मंडळ’ म्हणत. कारण त्या काळी जुनी चर्चे ‘सुधारताना’ भिंतींवरील जुना चुन्याचा गिलावा खरवडून दगड उघडा करण्याची टूम निघाली होती, आणि मॉरिसचा तिला विरोध होता. मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा रोजच्या देखभालीने पडझड थोपवावी, असा त्याचा आग्रह होता. ही हकीकत येथे आठवण्याचे कारण असे की तीच टूम आज आपल्याकडे आली आहे. अलीकडे किनाऱ्यावरील हॉटेले आणि हौशी खरेदीदार जुन्या घरांचा गिलावा काढून तांबडा चिरा ‘दिसता’ ठेवतात. तो दिसतो सुंदर, यात शंका नाही. परंतु ज्या भिंतीला जुन्या गवंड्याने हेतुपूर्वक चुन्याचे कातडे चढविले होते, तिचे ते कातडे सोलून तिला नैऋत्येच्या झडीत उभी करणे ही काही तिची कदर नव्हे.

याच्या उलट टोकाची चूक सिमेंटची. चिरा छिद्राळ आहे. तो पाणी पितो आणि पाणी सोडतोही. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो. सिमेंटचा गिलावा कठीण आणि कोंदट. जोत्याकडून चढलेली ओल आत अडकते, गिलाव्याला पोपडे धरतात, क्षार फुलून येतात, आणि मग घरधनी म्हणतो की भिंतच वाईट. त्याने आणखी सिमेंट लावले की दुखणे आणखी आत जाते. छपराच्या जागी काँक्रीटची स्लॅब घालण्याची हौसही अशीच. थोड्याच वर्षांत स्लॅब गळू लागते आणि तिच्यावर लोखंडी सांगाडा उभारून रंगीत पत्र्याचे उतरते छप्पर घालावे लागते. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत अशी दुहेरी डोकी असलेली घरे पावलोपावली दिसतात. पावसाने आपला उतार परत मागून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

काही बदल कोणाच्याच दोषाचे नाहीत. स्वयंपाकघरात चूल होती तोवर तिचा धूर वाश्यांत, रिपांत मुरत असे. लाकूड काळे पडे, पण कीड दूर राही. गॅस आला आणि घरातील स्त्रियांचे डोळे व फुप्फुसे वाचली. चूल परत आणा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मात्र धूर गेल्यावर लाकडाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. शाकारणी करणारे हातही कमी झाले. डिचोली महालात १९५० च्या दशकापासून लोखंडाच्या खाणींचा धंदा वाढला. शेतीपेक्षा रोख मजुरी बरी म्हणून घरोघरचे तरुण तिकडे वळले. खाणींच्या आसपासच्या गावांनी छपरावर तांबडी धूळ पाहिली, विहिरींचे पाणी खाली गेल्याच्या तक्रारी केल्या. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांवरील काम थांबविले. पैसा आला तेव्हा लोकांनी जुने घर पाडून नवे बांधले, पैसा थांबला तेव्हा जुने घर शाकारावयास राहिले. दोन्ही वेळी नुकसान त्याचेच. पेडण्यात गोष्ट निराळी. मोरजी, मांद्रे, हरमल येथे आधी किनाऱ्यामुळे आणि डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या मोपा विमानतळामुळे जमिनीचे मोल असे चढले की घर हे जमिनीवरील अडचण वाटू लागले.

परंतु सर्वांत कठीण प्रश्न कुलुपाचा आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. त्याने मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना वारसा दिला. तत्त्व न्याय्य आहे, आणि ते पुढारलेले म्हणून त्याची वाखाणणीही होते. पण तीन पिढ्यांत एका घराचे पंचवीस-तीस वाटेकरी होतात. कोणी मुंबईत, कोणी पुण्यात, कोणी आखातात. घर विकावयाचे तर सर्वांच्या सह्या हव्यात. डागडुजी करावयाची तर कोणाच्या एकट्याच्या खिशातून? ‘सर्वांचे घर’ याचा अर्थ पावसाळ्यापूर्वी ‘कोणाचेच नाही’ असा होतो. भावाभावांत भांडण असलेच पाहिजे असे नाही. प्रेम असूनही कौले सरकतात.

अशा घरांना आजवर जर कोणी तारले असेल तर ते गणपतीने. मूळ घरचा गणपती मूळ घरातच बसावयाचा, या आग्रहापायी पेडणे-डिचोलीकडील कुलूपबंद घरे भाद्रपदात उघडतात. केर निघतो, माटोळी बांधली जाते, ज्या मुलांनी एकमेकांना वर्षभर पाहिलेले नसते ती एका पंक्तीला जेवतात. पण येथे पंचांगाचाच एक पेच आहे. शाकारणी वैशाखात आणि चवथ भाद्रपदात. कुटुंब जमते तेव्हा पाऊस बराचसा होऊन गेलेला असतो. माजघरात गळती दिसते, भिंतीवर ओलीचा नकाशा दिसतो; सर्वजण हळहळतात, पुढच्या खेपेस काहीतरी केले पाहिजे असे ठरते. विसर्जन होते, कुलूप लागते. वैशाखात, जेव्हा काहीतरी करावयाची वेळ असते, तेव्हा तेथे कोणीच नसते.

यावर उपाय सरकारी यादीत घर घालणे हा एकच नव्हे. यादीने कौल जागेवर बसत नाही. काही कुटुंबांत चवथीच्या पूजेचा खर्च दरवर्षी पाळीने किंवा वर्गणीने होतो. त्याच बैठकीत, त्याच वहीत, शाकारणीची वर्गणी लिहावयास काय अडचण आहे? गावात राहिलेल्या एका नातेवाइकाकडे, आणि तसा कोणी नसेल तर विश्वासाच्या शेजाऱ्याकडे, वैशाखातील त्या आठ दिवसांची जबाबदारी लेखी द्यावी आणि खर्च आधीच त्याच्या हाती ठेवावा. मालकीचा निवाडा न्यायालयात यथावकाश होईल. वाटणी होईपर्यंत वाटण्यासारखे काही उरावे यासाठी तर सर्व वाटेकऱ्यांचे एकमत व्हावयास हरकत नसावी. आणि सुटीच्या दिवसांत, मे महिन्यात, शहरातील मुलांना आजोळी पाठवावयाचेच असेल, तर त्यांनी छपरावरच्या माणसाला खालून कौल उचलून द्यावे. यात त्यांचे काही बिघडणार नाही.

शाकारणी करून घेऊ म्हटले तरी जुन्या मापाची कौले मिळत नाहीत, अशी एक सबब नेहमी ऐकू येते. तीत तथ्य आहे. मंगळूरकडील पुष्कळ जुने कारखाने बंद पडले, आणि नव्या कौलाची खाच जुन्या कौलात बसतेच असे नाही. म्हणून पूर्वीचा घरधनी नवे छप्पर घालताना पाचपन्नास कौले जास्तच आणून परसात, विहिरीच्या बाजूला, उभी रचून ठेवी. बंद घराच्या मागे जाऊन वेली थोड्या बाजूस सारल्या, तर बहुतेक ठिकाणी ती चळत अजून तशीच सापडते. जेथे ती संपली आहे तेथे लोक मोडीच्या दुकानाकडे वळतात. पाडलेल्या घरांच्या तुळया, दारांच्या चौकटी, गजाच्या खिडक्या आणि कौलांचे ढीग तेथे मांडलेले असतात. गिऱ्हाईक कौल उलटे करून पाठीवरचा कारखान्याचा छाप पाहते, आपल्या घराच्या कौलाशी तो जुळवते, आणि जुळला तर शेकड्यांनी मोजून घेते.